जुनी स्पोर्ट्स गाडी : उपभोग आणि ठेव

जुन्या स्पोर्ट्स गाडीची मालकी दोन तऱ्हांनी करता येते. गाडी रस्त्यावर काढून चालवता येते, किंवा झाकून ठेवून पुढे चढ्या किमतीला विकता येते. या दोन्ही तऱ्हा एकमेकींच्या मुळावर येतात. गाडी धावली की तिचे मूळ सुटे भाग झिजतात, रंगावर चरे उठतात, मीटरचा आकडा वाढतो. आणि संग्राहकांच्या बाजारात भाव असतो तो मूळ भागांना, मूळ रंगाला आणि कमी धावेला. जो गाडीचा आनंद घेतो तो आपल्याच पुंजीला हात घालतो, आणि जो पुंजी जपतो त्याच्याकडे गाडी असून नसल्यासारखी राहते. मालकी कशासाठी, भोगासाठी की साठ्यासाठी, हा प्रश्न भारतीय धर्मविचारात फार जुना आहे. मोटारीने त्याला नवी धार आणली, कारण मोटार गतीसाठी बनवलेली असते आणि तिची किंमत मात्र जागेवर उभी राहण्याने वाढते.

या किमती कुठवर जातात हे एका उदाहरणावरून कळेल. फेरारी कंपनीने १९६२ ते १९६४ या काळात २५० जीटीओ नावाच्या ३६ गाड्या बनवल्या. त्या शर्यतीसाठी होत्या; नवी गाडी अमेरिकेत साधारण १८ हजार डॉलरला मिळे. शर्यतीतले त्यांचे दिवस सरल्यावर काही वर्षे त्या जुन्या मोटारींच्याच भावाने हातोहात फिरल्या. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातील माँटेरी येथील लिलावात त्यांपैकी एक ४ कोटी ८४ लाख डॉलरला गेली. असे आकडे ऐकून अनेकांना जुनी गाडी म्हणजे सोन्याची खाण वाटू लागते. पण त्याच बाजाराचा दुसरा अनुभवही आहे. ऑगस्ट १९८८ मध्ये एन्झो फेरारी यांचे निधन झाले, त्यांच्या गाड्यांवर सट्टेबाज तुटून पडले, आणि १९९० नंतरच्या मंदीत त्याच किमती धाडकन खाली आल्या. ज्यांनी चालवायला गाडी घेतली होती त्यांच्याकडे गाडी उरली. ज्यांनी कर्ज काढून नुसती किंमत विकत घेतली होती त्यांच्याकडे कर्ज उरले.

याचे कारण गाडीच्या स्वरूपात आहे. शेत पीक देते, घर भाडे देते, ठेवीवर व्याज मिळते. गाडी यांतले काही देत नाही. उलट जागा, विमा, तेलपाणी आणि दुरुस्ती यांचा खर्च दरवर्षी मागते. ठेव म्हणून घेतलेल्या गाडीचा सगळा फायदा पुढचा गिऱ्हाईक अधिक पैसे मोजील या एका आशेवर उभा असतो. आणि तो गिऱ्हाईक अधिक पैसे का मोजील? कुणाला तरी, कधीतरी, ती गाडी मनापासून हवीशी वाटेल म्हणून. साखळीच्या शेवटी उपभोगाची ओढ असलेला एक माणूस लागतोच. तो नसेल तर साऱ्या ठेवीदारांच्या हाती जुने लोखंड राहते. ठेवीची किंमत उपभोगावर अशी उधारीने जगते.

ॲरिस्टॉटलने ‘राज्यशास्त्र’ या ग्रंथाच्या पहिल्या भागात वस्तूचे दोन वापर वेगळे केले आणि उदाहरण दिले ते पायातल्या जोड्याचे. जोडा घालता येतो आणि बदल्यात देताही येतो. दोन्ही त्याचेच वापर, पण जोडा बनला तो घालण्यासाठी. देवाणघेवाण गरजेपुरती असेल तर ॲरिस्टॉटलला ती मान्य आहे. पैशातून पैसा वाढवण्याला मात्र स्वतःची अशी मर्यादा नसते, म्हणून त्याला तो निसर्गाविरुद्ध मानतो. पायात किती जोडे मावतात याला सीमा आहे. किती किमतीचे जोडे साठवावेत याला नाही.

महाराष्ट्राच्या सणवारात हा भेद तत्त्वज्ञानाच्या भाषेवाचून पाळला जातो. खंडेनवमी आणि दसऱ्याला हत्यारे, अवजारे, यंत्रे आणि वाहने पुजली जातात. ट्रॅक्टर, रिक्षा, टेम्पो, मोटारसायकल धुऊन, झेंडूची माळ घालून उभी केली जाते. ही पूजा त्या साधनाने वर्षभर केलेल्या कामाची असते. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला पाटावर नाणी, दागिने आणि हिशेबाच्या वह्या मांडल्या जातात. तिथे पूजा साठलेल्या आणि वाढत्या धनाची असते. पहिल्या पूजेतली वस्तू दुसऱ्या दिवशी कामाला जाते, दुसऱ्या पूजेतली पुन्हा तिजोरीत. झाकून ठेवलेल्या जुन्या मोटारीला दसऱ्याचा हार घातला तरी ती मनोमन लक्ष्मीपूजनाच्या पाटावरच बसलेली असते. तिची खरी पूजा कोणत्या दिवशी होते, या एका प्रश्नाने मालकाचा हेतू बराचसा उघड होतो.

हा प्रश्न सोडवणे न्यायालयांनाही भाग पडले आहे. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याने भांडवली मालमत्तेच्या व्याख्येतून स्वतःच्या वापराच्या जंगम वस्तू वगळल्या. अशी वस्तू विकून फायदा झाला तरी त्यावर भांडवली नफ्याचा कर नाही. दागिने, चित्रे, शिल्पे, कलावस्तू यांना मात्र ही सवलत पुढे काढून घेण्यात आली. मग स्वतःचा वापर म्हणजे काय? १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे एका माजी संस्थानिकाचे प्रकरण आले. सोन्याची नाणी, चांदीचे रुपये आणि चांदीच्या लगडी दिवाळीत महालक्ष्मीच्या पूजेत मांडल्या जातात, म्हणून त्या स्वतःच्या वापरातल्या वस्तू आहेत, असा दावा होता. न्यायालयाने तो मानला नाही. वस्तूचा माणसाशी निकटचा, नेहमीचा संबंध हवा; वर्षातून एकदा पूजेत ठेवल्याने धनाची लगड वापरातली वस्तू बनत नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. धर्माच्या नावाने केलेला दावा न्यायालयाने वस्तूच्या स्वभावावर तपासला, ही यातली लक्षणीय गोष्ट.

पुढे मुंबई उच्च न्यायालयापुढे प्रत्यक्ष जुन्या मोटारीचेच प्रकरण होते. १९३१ सालची एक फोर्ड टूरर १९८३ मध्ये २० हजार रुपयांना घेतली गेली आणि सुमारे आठ वर्षांनी २१ लाखांना विकली गेली. मालकाचे म्हणणे, मोटार ही स्वतःच्या वापराचीच वस्तू आहे. हा वाद दशकानुदशके चालला आणि २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने करखात्याच्या बाजूने निर्णय दिला. गाडी वापरता येण्याजोगी आहे एवढे पुरेसे नाही, मालकाने ती खरोखर वापरली हे दिसले पाहिजे, आणि तसा पुरावा नव्हता. कराची बाजू बाजूला ठेवली तरी या निकालात एक तात्त्विक भूमिका आहे. मालकाच्या मनातला हेतू कुणी पाहू शकत नाही, आणि मालक स्वतःही त्याबाबत स्वतःला फसवू शकतो. ‘आवड म्हणून घेतली’ हे वाक्य बोलायला सोपे आहे. त्याची साक्ष चाके देतात.

विरोधाभास असा की दुसरा कायदा नेमके उलट सांगतो. केंद्र सरकारने २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत व्हिंटेज वाहनांसाठी वेगळी तरतूद केली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुने, मूळ सांगाड्यात आणि इंजिनात मोठा बदल न केलेले दुचाकी वा चारचाकी वाहन या वर्गात नोंदवता येते. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, नूतनीकरणाला ५ हजार, मुदत दहा वर्षे, क्रमांकपट्टीवर राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे. अशी गाडी प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, व्हिंटेज रॅली, तसेच इंधन भरणे आणि देखभाल एवढ्यांसाठीच रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापराला आणि धंद्याला मनाई आहे. एकीकडे वापराचा पुरावा मागितला जातो, दुसरीकडे वापराला कुंपण घातले जाते. सरकारची दोन अंगे दोन वेगळ्या गोष्टी जपत आहेत, त्यामुळे यात कुणाची चूक काढण्यात अर्थ नाही. करखात्यापुढे मालकाचे उत्पन्न आहे, वाहतूक खात्यापुढे रस्त्यावरची सुरक्षा, धूर आणि एक वारसा. मालकाला मात्र या दोन्हींच्या मधल्या अरुंद वाटेने जावे लागते, आणि ती वाट धर्मशास्त्राने सांगितलेल्या मर्यादित उपभोगाच्या वाटेपासून फारशी दूर नाही.

भर्तृहरीच्या नीतिशतकात धनाच्या तीन गती सांगितल्या आहेत : दान, भोग आणि नाश. जे दिले जात नाही आणि भोगले जात नाही, त्याला तिसरी गती चुकत नाही. पैशाच्या बाबतीत हे वचन उपदेशासारखे वाटते. मोटारीच्या बाबतीत ते शब्दशः यंत्रशास्त्र आहे.

भिवंडी तालुक्यातील दिघाशीसारखे गाव घ्यावे. भातशेतीचा मुलूख, जून ते सप्टेंबर धो धो पाऊस, हवेत सतत ओल. अशा गावात शेडमध्ये ताडपत्री टाकून ठेवलेल्या जुन्या गाडीला कुणी हात लावला नाही तरी तिच्यात सारखे काहीतरी घडत असते. ब्रेकचे तेल हवेतली ओल शोषते आणि ब्रेकच्या सिलिंडरमध्ये आतून गंज धरतो. टाकीतले पेट्रोल उडून जाते आणि मागे राहिलेला चिकट थर कार्बोरेटरची बारीक छिद्रे बुजवतो. आताचे पेट्रोल इथेनॉल मिसळलेले. तेही पाणी ओढते आणि जुन्या गाडीच्या रबरी नळ्या व बुचाची पॅकिंग खराब करते, कारण ती बनली तेव्हा असे इंधन कुणाच्या ध्यानीमनी नव्हते. इंजिनात पिस्टनच्या रिंगा भिंतींना चिकटतात. एकाच जागी उभी राहून टायर तळाशी चपटे होतात. बॅटरी मरते. भातकापणीनंतर उंदीर आसऱ्याला येतात आणि वायरींचे कापडी वेष्टण कुरतडतात. ताडपत्रीसुद्धा घात करते : वारा खेळला नाही की ओल आत कोंडते आणि पत्रा खालून सडत जातो. अनुभवी मिस्त्री म्हणूनच नुसते दोन मिनिटे इंजिन चालू करून बंद करायला मनाई करतात. तेवढ्याने सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये पाणी साठते आणि नुकसान वाढते. इंजिन पुरते तापेपर्यंत, ब्रेक-गिअर कामाला लागतील इतके अंतर गाडी न्यावी लागते. अजिबात न भोगता जपावी अशी ही वस्तूच नव्हे. भाव टिकवण्यासाठीही तिला थोडी धाव द्यावी लागते. वातानुकूलित, कोरड्या हवेच्या दालनात नाश लांबवता येतो, पण तो खर्च पेलणारे थोडे, आणि ते दालन मग गाडीचे राहत नाही, तिच्या किमतीचे होते.

भिवंडी परिसरात वस्तू साठवण्याचा मोठा व्यवसाय आहे. देशभरचा माल इथल्या गोदामांत येतो. पण गोदामातला माल वाटेवर असतो. तो कुणाच्या तरी हाती पडायचा असतो, आणि जितका लवकर निघेल तितके बरे. ठेव म्हणून ठेवलेल्या गाडीला असे पोहोचायचे ठिकाण नसते. ती एका साठ्यातून दुसऱ्या साठ्यात जाते.

याच भागात शौकाची आणखी एक महागडी मालमत्ता आहे, आणि तिच्याशी तुलना केल्याने प्रश्न अधिक स्वच्छ होतो. ठाणे आणि रायगड जिल्ह्यांत बैलगाडी शर्यतीचे वेड मोठे आहे. चांगल्या खोंडासाठी लाखांनी पैसे मोजले जातात, त्याला खुराक दिला जातो, तालीम दिली जाते, आणि शर्यत मारली की त्याचा भाव चढतो. म्हणजे इथेही हौस आणि फायदा गुंतलेले आहेत. फरक असा की बैलाचा भाव धावण्याने चढतो. धावला नाही तर तो वाढत नाही, आणि वय झाले की कितीही जपले तरी उतरतो. शर्यतींवर सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी बंदी घातली. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली. डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. बंदीपासून परवानगीपर्यंतच्या सात वर्षांहून अधिक काळात कायद्याने मैदान बंद होते. शर्यतीचा बैल दावणीला बांधून ठेवायचा, तर तो निव्वळ जिव्हाळ्यानेच ठेवावा लागे, कारण त्यातून किमतीची आशा धरण्यात अर्थ नव्हता. जिवंत प्राण्याबाबत मालकावर आणखी एक बंधन येते, ते म्हणजे त्याच्या वेदनेचे. न्यायालयीन वादाचा गाभा तोच होता. गाडीला वेदना नाही, म्हणून तिच्याबाबतचा प्रश्न केवळ मालकाच्या मनाचा आणि वस्तूच्या स्वभावाचा राहतो. निदान तेवढ्यापुरता तो सोपा आहे.

आतापर्यंतच्या विवेचनात उपभोगाची बाजू वरचढ दिसते. धर्मविचाराने मात्र उपभोगालाही सहजासहजी सोडलेले नाही. कठोपनिषदात यम नचिकेत्याला वरांची लालूच दाखवतो, त्यात दीर्घ आयुष्य, हत्ती, घोडे, सोने यांच्याबरोबर रथही आहेत. नचिकेता ते नाकारतो. ही सुखे इंद्रियांचे तेज झिजवतात, आयुष्य कितीही दिले तरी अपुरेच, तेव्हा तुझी वाहने तुझ्याकडेच राहू देत, असा त्याच्या उत्तराचा भाव आहे. त्याच उपनिषदात पुढे शरीराला रथ आणि बुद्धीला सारथी म्हटले आहे. म्हणजे रथ नाकारणाऱ्याला शेवटी रथाच्याच रूपकातून शहाणपण सांगितले जाते. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात विषयाच्या चिंतनातून आसक्ती, आसक्तीतून काम, कामातून क्रोध अशी उतरण दाखवली आहे. जुन्या गाड्यांच्या शौकिनाला ही उतरण ओळखीची असते. एक मिळाली की दुसरी हवी, दुसऱ्याकडे तिसरी असली की ती हवी. सोळाव्या अध्यायात आज हे मिळवले, उद्या ते मिळवीन असा हिशेब मांडणारा माणूस आसुरी संपत्तीत बसवला आहे. ते वर्णन वाचताना व्यापारी डोळ्यांपुढे येतो, पण हौशी संग्राहकही त्याच ओळीत उभा राहू शकतो. दहा गाड्या असलेल्याला दहाही चालवता येत नाहीत. तिसऱ्या-चौथ्या गाडीनंतर उपभोगाचे नाव घेऊन साठाच वाढत असतो.

या बाबतीत सर्वांत काटेकोर विचार जैन श्रावकाचारात सापडतो. महाराष्ट्रातही, विशेषतः कोल्हापूर-सांगली भागात, मराठीभाषक जैन समाजात ही परंपरा जिवंत आहे. समंतभद्रांच्या रत्नकरंडक श्रावकाचारात एकदा वापरून संपणाऱ्या आणि पुन्हा पुन्हा वापरता येणाऱ्या वस्तू वेगळ्या केल्या आहेत : अन्न पहिल्या वर्गात, वस्त्रे दुसऱ्या. गृहस्थाने दोन्हींचे प्रमाण स्वतःहून ठरवून घ्यावे, असे व्रत आहे. साधूला सर्वत्याग, गृहस्थाला प्रमाण. जुनी गाडी या विभागणीत गमतीदार जागी बसते. ती पुन्हा पुन्हा वापरण्याची वस्तू आहे खरी, पण तिचा प्रत्येक मैल एकदाच मिळतो, कारण मूळ भाग झिजला की तो मूळ म्हणून परत येत नाही. त्यामुळे ती वस्त्रासारखी आणि अन्नासारखीही वागवावी लागते : काळजीने, आणि मोजून. शिवाय उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची ओळख मूर्च्छेवरून, म्हणजे चित्ताच्या गुंतण्यावरून केली आहे. वस्तू किती आहेत हा मोजमापाचा मुद्दा मागे पडतो. हा निकष लावला तर न चालवता बाजारभाव रोज तपासणारा आणि गाडीवर चरा पडला म्हणून घरच्यांशी अबोला धरणारा, हे दोघे एकाच जागी येतात. एक किमतीत गुंतला, दुसरा वस्तूत. चराचराला जपणाऱ्या या विचाराला दोन्ही गुंते सारखेच ओझे वाटतात.

मग मालकीच कशाला, असाही प्रश्न निघतो. कांटने १७९० च्या ग्रंथात सौंदर्याच्या आनंदाचे लक्षण सांगितले ते असे की त्यात वस्तू आपली असावी ही इच्छा नसते. मुंबईत व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाच्या रॅलीला रस्त्याच्या कडेला उभा राहणारा माणूस नेमका हाच आनंद घेतो. लांब बॉनेट, तारांची चाके, चामड्याच्या आसनाचा रंग, इंजिनाचा घुमारा, हे सगळे त्याला फुकट मिळते. डोळ्यांना जे मिळते त्यासाठी मालकी लागत नाही. दाखवण्यासाठी घेतलेल्या गाडीचा मालक म्हणूनच फसतो. त्याच्या पैशाने इतरांची करमणूक होते आणि त्याच्या वाट्याला हेवा येतो.

मालकाच्या वाट्याचा वेगळा आनंद असतो तो हातांचा आणि कानांचा. जुनी स्पोर्ट्स गाडी चालवणे ही विद्या आहे. सकाळी चोक किती ओढायचा, इंजिन तापल्यावर तो कधी आत ढकलायचा, सिंक्रोमेश नसलेल्या गिअरपेटीत दुहेरी क्लच कसा दाबायचा, ब्रेक किती आधी लावायचा, हे पुस्तकातून येत नाही. इग्निशनचे पॉइंट घासले की आवाज बदलतो, हवा-पेट्रोलचे मिश्रण पातळ झाले की इंजिन शिंकते, आणि ते ऐकू येणारा कान वर्षांनी तयार होतो. त्यासाठी मिस्त्रीची सोबत लागते. कुर्ल्याच्या भंगारबाजारात भाग शोधणारा, न मिळाला तर खराद्याकडून करून घेणारा, डेंटिंगवाला, शिशाने पत्रा भरणारा, शिवणकाम करणारा कारागीर, ही सगळी माणसे गाडीभोवती एक छोटी बिरादरी उभी करतात. गाडी धावते तोवर त्यांना काम असते आणि त्यांच्या हातातले कसब पुढच्या पोराकडे जाते. गाडी झाकली गेली की हे कसब आधी मरते, लोखंड नंतर. उपभोगाच्या बाजूने देता येणारे सर्वांत भक्कम कारण मालकाच्या सुखाचे नाही, या कसबाचे आहे.

ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, फिव्हाने, २०१२ मध्ये ट्युरिन सनद स्वीकारली. तीत मूळ रूप आणि नोंदी जपण्याबरोबर वाहनाचा रस्त्यावरचा वापर हा जतनाचाच भाग मानला आहे, कारण चालवण्याचे आणि राखण्याचे ज्ञान चालवण्यातूनच हस्तांतरित होते. पुराणवस्तूंच्या जतनात हे विरळ आहे. जुन्या तलवारीने कुणी लढत नाही. जुन्या गाडीने मात्र थोडे धावावे, असे तिच्या जतनाचेच शास्त्र सांगते.

इथे मालकीची तिसरी कल्पना पुढे येते, विश्वस्ताची. ईशावास्योपनिषदाच्या पहिल्या मंत्रात सारे जग ईश्वराने व्यापलेले सांगून त्यागपूर्वक भोगावे असा आदेश आहे. गांधीजींनी विश्वस्तपणाचा विचार मांडताना या मंत्राला फार मोठे स्थान दिले आणि विनोबांनी ‘ईशावास्यवृत्ति’ लिहून तो उलगडला. धन सोडून वनात जा असे हा मंत्र सांगत नाही. धन आपले नाही हे जाणून वापरा, असे सांगतो. साठ वर्षांची गाडी हे सहज पटवून देते. तिचा पहिला मालक बहुधा आता नाही, आणि नीट राखली तर ती आजच्या मालकानंतरही राहील. तो तिचा एका पिढीपुरता राखणदार आहे. या कल्पनेचा गैरवापरही होतो, हे नोंदवले पाहिजे. ‘आम्ही वारसा जपतो’ असे म्हणत भाव वाढण्याची वाट पाहणारे असतात, आणि विश्वस्त हा शब्द त्यांना फार सोयीचा पडतो. विश्वस्त आपल्या ठेव्याचा हिशेब देतो, तो लोकांना पाहू देतो, त्याचे ज्ञान पुढे देतो. कुलूपबंद गॅरेजमध्ये यांतले काही होत नसेल तर तिथे विश्वस्त नाही, मालकच आहे.

हेतू बहुतेक माणसांत मिसळलेले असतात, आणि ते मिसळलेले असण्यात पाप नाही. आवडीची गाडी घेताना ती पुढे पडेल भावाने विकावी लागू नये असे वाटणे हा संसारी माणसाचा विवेक आहे; घरच्यांच्या गरजेचे पैसे शौकात घालवणे हा अधर्म खराच. विमा उतरवायला किंमत ठरवावी लागते, आणि चांगली देखभाल केल्याने किंमत टिकली तर त्यात लाजण्यासारखे काही नाही. प्रश्न येतो तो दोन हेतू आमनेसामने आल्यावर. पावसाळा सरला आहे, हवा कोरडी आहे, रस्ता मोकळा आहे, आणि गाडी काढली तर मीटरवर साठ किलोमीटर वाढणार आहेत. त्या सकाळी मालक काय करतो यावरून त्याने काय विकत घेतले होते ते ठरते. पुरुषार्थांच्या भाषेत अर्थ हा कामाचे साधन आणि दोन्ही धर्माच्या मर्यादेत, असा क्रम आहे. किमतीपायी वापर सोडणारा हा क्रम उलटा करतो : भोगण्याची वस्तू तो अर्थाचे साधन करतो, आणि तो अर्थ कशासाठी हे त्याला सांगता येत नाही.

पुरती वापरली गेलेली गाडी कशी असते हे मुंबईने पाहिले आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली पद्मिनी काळी-पिवळी टॅक्सी म्हणून शहरभर धावली. टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात नोंदली गेली, आणि वीस वर्षांच्या मर्यादेमुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती टॅक्सी रस्त्यावरून गेली. तिच्या बहुतेक बहिणी भंगारात गेल्या. कुणी त्यांना ठेव मानले नाही, म्हणून त्या राहिल्या नाहीत. पण त्यांनी जितकी माणसे वाहिली तितकी कोणत्याही संग्रहातल्या गाडीने वाहिली नसतील. नुसत्या उपभोगाचे टोक हे आहे, आणि तेही संग्राहकाने पाहून ठेवावे. सगळ्यांनी गाड्या शेवटच्या मैलापर्यंत चालवल्या असत्या तर पुढच्या पिढीला दाखवायला एकही उरली नसती. राखून ठेवणाऱ्यांचे ऋण एवढे मान्य करावेच लागते, त्यांचा हेतू काहीही असो.

राहिली भर्तृहरीची पहिली गती, दान. मर्सिडीज-बेंझने मे २०२२ मध्ये १९५५ सालच्या आपल्या दोन ३०० एसएलआर उलेनहाउट कूपे गाड्यांपैकी एक साडेतेरा कोटी युरोला विकली आणि ती रक्कम विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीसाठी निधी उभारायला दिली. एवढ्या मोठ्या ठेवीचे असे विसर्जन विरळाच. सामान्य संग्राहकाचे दान बहुधा उशिरा सुचते : गाडी चालेनाशी झाली, मुलांना तिची आवड नाही, जागा अडली, मग एखाद्या संग्रहालयाला विचारणा होते. कठोपनिषदाची सुरुवात अशाच दानाने होते. नचिकेत्याचे वडील यज्ञात गाई देतात त्या शेवटचे पाणी पिऊन, शेवटचे गवत खाऊन, शेवटचे दूध देऊन झालेल्या. ते पाहून मुलगा अस्वस्थ होतो आणि पुढची सारी कथा त्या अस्वस्थतेतून निघते. गाडी दान द्यायची तर ती धावती असताना, तिची कागदपत्रे, दुरुस्तीच्या नोंदी आणि तिला सांभाळण्याइतका निधी यांसह द्यावी लागते. नाहीतर संग्रहालयावर ते ओझेच पडते.

वारसाहक्काचा प्रश्न याहून रोखठोक आहे. किंमत वाटून घेता येते, गाडी वाटून घेता येत नाही. म्हणून वारस एकाहून अधिक असले की बहुधा विक्री होते, आणि ती घाईत झाली तर गाडी दलालामार्फत पुन्हा साठ्यात जाते. मालकाने हयातीतच एखाद्या वारसाला, भाच्याला किंवा हौशी शेजाऱ्याला शेजारच्या आसनावर बसवून गाडी शिकवली असेल, तिच्या मिस्त्रीशी त्याची ओळख करून दिली असेल आणि मृत्युपत्रात गाडीचे नाव किमतीच्या आकड्याशिवाय लिहिले असेल, तर ती विकली गेली तरी कुणाच्या हाती द्यायची हे घरच्यांना ठाऊक असते.